टाकीच्या गाण्याला जवाब

अलिबागहून तळा या गावी जायला गाडीनं साधारण अडीच तास लागतात. आम्हाला तीन दिवस लागले. त्यातला काही वेळ गाण्यात गेला, काही जेवणात, आणि एक अख्खी सकाळ मी नको तिथे खाडी ओलांडण्यात घालवली. ज्यांना या बाजूला जायचंय त्यांना हे वाचून रस्ता सापडेल अशी खात्री मी देत नाही. कुठे वळू नये एवढं मात्र नक्की कळेल.

आम्ही म्हणजे मी आणि माझी भाची निशी. मी पनवेलच्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. निशी गाणी लिहिते, स्वतःच त्यांना चाली लावते आणि गिटार घेऊन स्वतःच म्हणते. या प्रकाराला इंडी पॉप म्हणतात, हे तिनं मला तीन वेळा समजावून सांगितलंय. मला समजलं ते असं, की हे गाणं सिनेमातलं नसतं, कुठल्या कंपनीचं नसतं, आणि ऐकणाऱ्यानं नाचायचं नसतं.

तिची सुरुवात झाली ती इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलमध्ये. खोलीतल्या मैत्रिणीची झोप मोडू नये म्हणून ही पांघरुणात डोकं खुपसून गायची, आणि तीच पुढे तिची शैली ठरली. आवाज वर चढत नाही. शेजारी बसून कुणी कानात घरगुती तक्रार सांगावी तशी ती गाते. गाण्यांचे विषयही तसेच: हरवलेला चार्जर, आमटीत दोनदा पडलेलं मीठ, उत्तर न आलेला मेसेज. मुखडा आणि अंतरा यांच्यात फरक असा नसतो. आपल्याकडे जिथे तान येते तिथे ती श्वास घेते, आणि रेकॉर्डिंगमध्ये तो श्वास मुद्दाम ठेवते. मी एकदा सुचवलं होतं, "दम लागलेला आवाज तेवढा काढून टाक." त्यानंतर तिनं मला कच्ची गाणी ऐकवणं बंद केलं.

तिचं एकच गाणं खूप लोकांपर्यंत पोचलं, ते 'टाकी'. संध्याकाळची वेळ, एक जोडपं, आणि गच्चीवर भरून वाहणारी पाण्याची टाकी. मोटर बंद करायला कुणीतरी उठायला हवं. कुणी उठत नाही. 

*गच्चीवरची टाकी भरून वाहतेय,
मला ऐकू येतंय,
तुलाही येतंय,
आणि आपण दोघं
टीव्ही बघतोय.*

गाणं एवढंच आहे. हेच थोड्याफार फरकानं साडेतीन मिनिटं चालतं आणि शेवटपर्यंत मोटर बंद होत नाही. मुलींना ते ऐकून रडू येतं. प्लंबर लोकांनीही ते आपापल्या व्हिडिओंना लावलं, ते बहुधा वेगळ्या कारणासाठी.

टाकीच्या जोरावर निशीनं नोकरी सोडली. नेरुळला एका मित्राच्या बेडरूममध्ये, आवाज घुमू नये म्हणून कपड्यांचं कपाट उघडं टाकून, सात गाण्यांचा अल्बम केला. त्याला आता तीन वर्षं झाली. तेव्हापासून तिच्या कार्यक्रमांना साधारण तीच तीच चाळीस माणसं येतात, आणि गेलं वर्षभर तिला नवं गाणं सुचलेलं नाही. मधेच ऐरोलीच्या एका कंपनीनं तिला नोकरी देऊ केली. होय की नाही ते सोमवारी दुपारी बारापर्यंत कळवायचं होतं.

"मामा, तीन कार्यक्रम आहेत," ती मला म्हणाली. "शुक्रवारी अलिबाग, शनिवारी मुरूड, रविवारी आपलं गाव. तीन ठिकाणी गाऊन बघते. कुणी खरंच ऐकतंय असं वाटलं तर गाणं. नाहीतर ऐरोली."

तिच्याबरोबर लॅपटॉपवर ठेका वाजवणारा मुलगा तापानं आजारी पडला होता, म्हणून गाडी चालवायला, स्पीकर उचलायला आणि फोनवरून ठेका सुरू करायला मी निघालो. निघण्याआधी माझ्या बहिणीचा, म्हणजे निशीच्या आईचा, फोन आला. "वाटेत गोड बोलून तिला नोकरीकडे वळव," ताई म्हणाली. मी बरं म्हणालो. तू गातच राहा, असं मी निशीला आधीच सांगितलं होतं. कुणालाही नाही म्हणायचं नाही, हा माझा स्वभाव आहे. माझ्या आयुष्यातले बहुतेक घोटाळे त्यातूनच झालेत, आणि या प्रवासातला सगळ्यात मोठा घोटाळाही त्यातूनच व्हायचा होता.

अलिबाग

मे महिन्यात अलिबागच्या रस्त्याला दोन गोष्टी घ्याव्यात, ताडगोळे आणि पांढऱ्या कांद्याची माळ. मी दोन्ही घेतल्या. माळ गिटारच्या पेटीवर ठेवली. पुढचे तीन दिवस निशीच्या प्रत्येक गाण्याला कांद्याचा वास होता, आणि तिनं त्याबद्दल एक शब्दही काढला नाही. ती रागावली की बोलत नाही.

कार्यक्रम मुंबईच्या एका कुटुंबाच्या सुट्टीतल्या बंगल्यावर होता. हिरवळीवर गाद्या आणि उशा टाकल्या होत्या, खुर्ची एकही नव्हती. गुडघ्यांचं कारण सांगून मी एक प्लास्टिकची खुर्ची मागून घेतली आणि मधोमध बसलो, त्यामुळे पुढचा सगळा वेळ मीच पाहुणा कलाकार असल्यासारखा दिसत होतो. निशीनं पहिलं गाणं संपवलं आणि टाळ्यांऐवजी सगळ्यांनी बोटांनी चुटक्या वाजवल्या. आमच्याकडे चुटकी वाजवून फक्त वेटरला बोलावतात, तेही जरा उद्धट लोक. मी उठून पाण्याचा जग घेऊन फिरलो. दोघांनी पाणी घेतलं. नंतर निशीनं खुणेनं मला खाली बसवलं.

टाकीच्या वेळी सगळ्यांनी डोळे मिटले. मला ते फार आवडलं. मग कळलं, की माझ्या पुढच्या उशीवरचा गृहस्थ झोपला होता. त्याच्या शेजारच्या बाई डोळे मिटूनच, मांडव्याहून परतीची बोट किती वाजता आहे ते हळू आवाजात कुणाला तरी सांगत होत्या.

कार्यक्रमानंतर यजमानीणबाईंनी निशीचे दोन्ही हात हातात घेतले. "किती शांत वाटलं गं. माझ्या डॉक्टरांनी असंच काहीतरी ऐकायला सांगितलंय."

जेवायला वाटीभर वाटलेले छोले होते, त्यावर तेल आणि वर एकच ऑलिव्ह. आम्ही आभार मानून बाहेर पडलो आणि बाजारात एका खाणावळीत शिरलो. तळलेला बांगडा, तांदळाची भाकरी, सोलकढी. निशी दुसरी भाकरी मोडताना म्हणाली, "मामा, मी औषध आहे."

"औषधाला मागणी कायम असते," मी म्हणालो.

"झोपेच्या," ती म्हणाली.

मुरूड

मुरूडला समुद्राला लागूनच एक रिसॉर्ट आहे. तिथे शनिवारी संध्याकाळी पाहुण्यांसाठी गाणं ठेवतात. त्या दिवशीचे पाहुणे म्हणजे डोंबिवलीचं एक मोठं कुटुंब. त्यांच्या आजोबांचा पंचाहत्तरावा वाढदिवस होता. समोर सुरूची झाडं, वाळूत घोडागाडी आणि लांबवर जंजिरा. इतकी पाठराखण असताना कुणाचंही गाणं पडू नये, असं मला वाटत होतं.

आजोबा पहिल्याच रांगेत होते. पहिल्या गाण्यानंतर त्यांनी विचारलं, "बाळ, लावणी येते का?"

"नाही आजोबा."

"अभंग?"

"नाही."

"मग चालू दे तुझं," आजोबा म्हणाले. मला वाटतं, तो या दौऱ्यातला सगळ्यात मनापासूनचा पाठिंबा होता.

टाकीचा ठेका माझ्या फोनमध्ये होता आणि फोन तारेनं स्पीकरला जोडलेला होता. गाणं अर्ध्यावर आलं. लोक फोनवर चित्रीकरण करत होते, म्हणजे निदान तोंडं तरी आमच्या दिशेला होती. तेवढ्यात ताईचा फोन आला. मी घाईघाईनं तो बंद करायला गेलो आणि घेतला.

"हां, बोल," दोन्ही स्पीकरमधून ताईचा आवाज किनाऱ्यावर घुमला. "काढलास का विषय? हे बघ, थेट नोकरी कर असं म्हणू नकोस. असं बोल की तुझंच मत आहे असं तिला वाटलं पाहिजे. तुला जमेल ना? तुला कधी काही जमत नाही म्हणून विचारते."

तार कुठली ओढायची ते मला सापडेना. सापडली ती निशीच्या गिटारची. तेवढ्या वेळात ताईनं माझ्या डायबेटीसचीही चौकशी केली.

शेवटी मी फोनच बंद केला. फक्त लाटा ऐकू येत होत्या. आजोबा मान हलवून म्हणाले, "आईचं बरोबर आहे."

निशीनं गाणं पुरं केलं नाही. माइकमध्ये तिनं आजोबांना वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या, गिटार पेटीत ठेवली आणि ती किनाऱ्यानं लांब चालत गेली. मी स्पीकर आवरले. केक कापताना मला दोन तुकडे मिळाले, बहुधा दया म्हणून.

आगरदांडा, आणि परत आगरदांडा

रविवारी सकाळी गाडीत निशी गप्प होती. मीही गप्प होतो, आणि गप्प असलो की मी वळणं चुकतो. आमचं गाव तळ्यापासून आत तीन किलोमीटरवर आहे. माझ्या डोक्यात पक्कं होतं, की मुरूडहून आगरदांड्याला यायचं, फेरीबोटीत गाडी घालायची, पलीकडे दिघीला उतरायचं आणि मग जमिनीनं तळा गाठायचा. वडिलांबरोबर लहानपणी असाच गेलो होतो.

बोट सुटल्यावर तिकीट फाडणारा माणूस आला. "कुठं चाललाव?"

"तळ्याला."

त्यानं तिकीट फाडायचं थांबवलं. "तल्याला? मग पान्यात कशाला आलाव? आगरदांड्यावरनं सरळ रस्ता हाय की."

"कधी झाला?"

"झाला त्याला लय दिवस झालं. तुमी कुठं व्हताव?"

मी पनवेलला होतो, असं सांगितलं. त्यानं ते कारण मान्य केलं नाही. पण दिघीला उतरू नका, याच बोटीनं परत फिरा, असं मात्र आपुलकीनं सांगितलं. त्यामुळे बोटीत बसून दोनदा खाडी ओलांडून, जिथून निघालो तिथेच पोचण्याचा योग आम्हाला आला. ज्यांना हे करून पाहायचं असेल त्यांनी उजव्या कठड्याशी उभं राहावं. वारा चांगला लागतो.

परतीच्या फेरीत निशी कठड्याशी आली. "आईनं तुला किती दिवसांपूर्वी सांगितलं?"

"निघायच्या आदल्या दिवशी."

"आणि तुझं खरं मत काय आहे?"

मी विचार केला. खरं मत विचारलं जाण्याची मला सवय नाही. "मला तुझी गाणी कळत नाहीत," मी म्हणालो. "पण टाकीचं ऐकल्यापासून आमच्या घरी मोटर सुरू असली की मी पुस्तक हातात धरून बसू शकत नाही."

ती हसली नाही, पण लांबही गेली नाही. "आज शेवटचा आहे," ती म्हणाली. "गावातले लोक तरी ऐकतील ना नीट?"

"आपलीच माणसं आहेत," मी म्हणालो. त्या वेळी मला एक गोष्ट आठवली. तेव्हा मी तिला ती सांगितली नाही. गावाच्या वेशीवर सांगावीच लागली, कारण तिथे फ्लेक्स लावला होता.

आमचं गाव

झालं होतं असं. आमचा चुलतभाऊ महादू गावच्या मंडळाचा सेक्रेटरी आहे. मे महिन्यात मुंबईचे चाकरमानी गावी येतात, सत्यनारायण घालतात आणि कार्यक्रम ठेवतात. पंधरा दिवसांपूर्वी महादूनं फोन करून भाचीबद्दल विचारलं होतं.

"गानी सोताच बांधते?"

"हो."

"चाल सोताच लावते?"

"हो."

"सोताच म्हनते?"

"हो."

"मंग शाहीरच झाली की."

"म्हण की," मी म्हणालो.

"शक्तीवाली का तुरेवाली?"

आमच्याकडे शक्ती-तुऱ्याचा सामना होतो, हे बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. दोन मंडळी समोरासमोर येतात. एक बाजू देवीची, म्हणजे शक्तीची, आणि दुसरी महादेवाची, म्हणजे तुऱ्याची. एकानं गाण्यात सवाल टाकायचा, दुसऱ्यानं तिथल्या तिथे गाणं बांधून जवाब द्यायचा. ढोलकी, झांजा, पायात घुंगरू, गोल फिरणारी पोरं. हे मला जन्मापासून ठाऊक होतं, पण महादूनं विचारलं तेव्हा मी कॉलेजात पुस्तकांची मोजदाद करत होतो. "बाई माणूस आहे, म्हणजे शक्तीच," असं मी गमतीनं म्हणालो आणि फोन ठेवला.

फ्लेक्सवर लिहिलं होतं: *मुंबईच्या सुप्रसिद्ध शक्तीवाल्या शाहीर निशी विरुद्ध तुरेवाले धोंडूबुवा आणि मंडळी. दुपारी ठीक चार वाजता.* इंटरनेटवरून उचललेल्या निशीच्या फोटोवर कॉम्प्युटरनं भगवा फेटा चढवला होता. तिला तो शोभत होता, हे मी बोलून दाखवलं. बोलायला नको होतं.

"विरुद्ध म्हणजे?" निशी म्हणाली.

मी सांगितलं. सगळं सांगितलं, पुस्तकांच्या मोजदादीसकट.

आम्ही तसेच महादूच्या ओटीवर पोचलो. महादूच्या बायकोनं वालाचं बिरडं, सुकट आणि गरम भाकऱ्या वाढल्या. निशी जेवली, कारण ते न जेवणं कुणालाच शक्य नाही. मग तिनं महादूला विचारलं, "मामा, मी एकटीनंच गायले तर नाही का चालणार? समोर कुणी कशाला हवं?"

महादूनं हातातला घास खाली ठेवला. "एकट्यानंच गायचा? मंग जवाब कोन देनार?"

"जवाब कशाला लागतो गाण्याला?"

"मंग कळनार कसा, समोरच्यानं ऐकला का न्हाय?"

निशीनं माझ्याकडे पाहिलं. मी भाकरीकडे पाहिलं.

चहाच्या वेळी धोंडूबुवा स्वतः भेटायला आले. वय सत्तरीपुढचं, अंगात पांढरा सदरा, खिशाला पेन. त्यांनी गिटारच्या पेटीवरून एकदा हात फिरवला. "कामाला कुठं हाय बाळ?"

"सध्या कुठंच नाही. गाणंच करते."

"नुसता गाना?" बुवांना हे नवीन होतं. "आमच्यात नोकरी न्हाय असा शाहीर न्हाय. मी रोह्याला केमिकलात होतो. मशीन चालायची, मी गान्याच्या वळी जुळवायचो. मशीन बंद पडली का गाना अडायचा."

"नोकरीत गाण्याला वेळ मिळायचा?"

"वेळ कोन देतो? नोकरी धरताना मी येकच इचारायचो, मे महिन्यात चार दिस रजा मिळंल का. न्हाय म्हनला तं उठून यायचो. तीन ठिकानांवरनं उठून आलो." मग ते उठले. "चारला या. मी तुमचा गाना ऐकनार हाय. बेस ऐकनार हाय."

हे शेवटचं वाक्य धमकी होती की स्वागत, ते मला आजही ठरवता आलेलं नाही.

चारला देवळापुढच्या मांडवात दीडेकशे माणसं होती. वेळ चारची ठेवली होती, कारण मुंबईची गाडी रात्री आठला सुटते आणि त्याआधी चाकरमान्यांच्या पिशव्यांत तांदूळ आणि फणस भरायचे असतात. बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला. बुवांची मंडळी सतरंजीवर, ढोलकी मांडीवर घेऊन. दुसऱ्या सतरंजीवर निशी, गिटार आणि मी. परंपरेप्रमाणे शक्तीच्या बाजूला निदान दहा माणसं लागतात. दहा जणांची कसर एकट्यानं भरून काढायचं मी ठरवलं आणि हातात झांज घेतली. निशीनं ती काढून घेतली.

ठेका नव्हता, कारण फोन मी महादूच्या घरीच ठेवला होता, बंद करून. तिनं नुसत्या गिटारवर टाकी म्हटलं. तिच्या नेहमीच्या आवाजात. पहिल्या पाच ओळी झाल्या आणि बुवांनी हात वर केला. मला वाटलं, संपलं सगळं.

"वाईच थांबा," बुवा मागे वळून आपल्या मंडळींना म्हणाले. "ढोलकीवरचा हात काढा. घुंगरू हलवू नका रं. तिचा सबूद बारीक हाय." मग निशीला म्हणाले, "परत म्हना ती वळ. टाकी भरून काय करते?"

"वाहतेय."

"आनि दोघं?"

"टीव्ही बघतायत."

बुवांनी खिशातलं पेन काढलं आणि तळहातावर काहीतरी लिहिलं. "हां. म्हना पुढं."

निशीनं पुढे गायला सुरुवात केली. दीडशे माणसं आणि एक शाहीर तिच्या तोंडाकडे बघत होते. डोळे कुणाचेच मिटलेले नव्हते. मिटले असते तर शब्द सुटला असता, आणि जवाब कशाला द्यायचा तेच कळलं नसतं. साडेतीन मिनिटांत बुवांनी तिला आणखी दोनदा थांबवलं. एकदा तर त्यांनी विचारलं, "मोटरचा बटन कुठल्या खोलीत?" निशी म्हणाली, स्वयंपाकघरात. त्यांनी तेही लिहून घेतलं.

गाणं संपलं. चुटक्या नाहीत, टाळ्याही नाहीत. इथे टाळ्या जवाबाला असतात. ढोलकी सुरू झाली, पोरं गोल फिरायला लागली आणि बुवांनी आवाज टाकला. सत्तरीपुढचा आवाज मांडवाच्या पलीकडे वाडीपर्यंत पोचत होता.

*ऐका शाहीर, तुमची टाकी भरली काठोकाठ,
आमच्या बाया डोईवर हंडा, चढती उभा घाट.
दोघं बसून ऐकत राहिलात, पाणी गेलं वाया,
कोण उठावं ठरेना म्हणून गाणं लागलात गाया.
सवाल माझा एकच बाई, जवाब द्यावा मला,
उठायाचं सोडून गाण्याचा हक्क कुणी हो दिला?*

मांडव हसला, मग गप्प झाला. मे महिना होता. त्या सकाळी पाण्याला गेलेल्या बायका तिथे समोरच बसल्या होत्या. मी खाली मान घातली. आमच्या घरातल्या मोटरीबद्दल बोटीत जे बोललो होतो ते मला फार सुखवस्तू वाटायला लागलं.

निशी गिटार धरून बसली होती. एका गाण्याला आठ महिने घेणारी मुलगी ती. ढोलकीवाला हलका ठेका धरून जवाबाची वाट पाहत होता. एक फेरा गेला, दुसरा गेला. पुरुषांच्या बाजूनं कुणीतरी म्हणालं, "शक्ती बसली." मी उठून माफी मागावी आणि तिला गाडीत घालावं, असा विचार मी करत होतो. तेवढ्यात तिनं ठेक्यावर तोंड उघडलं. आवाज नेहमीचाच होता, पण या वेळी तो ढोलकीच्या मध्ये बसला होता.

*मी उठले होते, बुवा, पहिल्यांदा, दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा,
चौथ्या वेळी बघत बसले, उठतं का कुणी एकदा.*

बायकांच्या बाजूनं एक आवाज आला. शब्द नव्हता तो. मग महादूची बायको नवऱ्याकडे बघत, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "बराबर हाय. चौथ्याला कुनी उठत न्हाय."

बायका हसायला लागल्या. मागच्या एक म्हातारबाई म्हणाल्या, "म्हन गो पोरी, पुढं म्हन."

पण पुढं नव्हतं. निशीचे ओठ हलले आणि थांबले. जवाब चार ओळींचा लागतो आणि तिच्याकडे दोनच होत्या. तिनं मान हलवली. डोळ्यांत पाणी होतं. पण अलिबागला आणि मुरूडला दिसलेला तिचा तो विझलेला चेहरा कुठे दिसत नव्हता.

बुवांनी ढोलकी थांबवली. "मंडळी, शक्तीनं अर्धा जवाब दिला. अर्धा ऱ्हायला." मग निशीकडे वळून ते म्हणाले, "आमच्यात रीत हाय बाळ. ज्याचा जवाब ऱ्हातो, तो पुढच्या मे महिन्याला तो घेऊन येतो. दोन वळी बांधून आना. पन बेस आना. मी हात धुनार न्हाय," आणि त्यांनी शाईनं भरलेला तळहात सगळ्यांना दाखवला.

मग त्यांची मंडळी पुढे गायली. नारळ दिले गेले, शिऱ्याचा प्रसाद वाटला गेला आणि चाकरमानी आपापले फणस घेऊन आठच्या गाडीकडे निघाले. मला कुणी नारळ दिला नाही. सामन्यात मी हरलेल्या बाजूला होतो.

सोमवार, पनवेल

सकाळी निशी माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी वही घेऊन बसली होती. साडेअकरापर्यंत तिनं अकरा ओळी लिहून खोडल्या. वर्षभरात ती एवढं पहिल्यांदाच खोडत होती. मी चहा ठेवला आणि काही विचारलं नाही. मला ते अवघड गेलं.

पावणेबाराला तिनं ऐरोलीला फोन लावला. मी बाहेर जायला निघालो, तर ती म्हणाली, "बस. तुला नंतर आईला सांगावंच लागणार आहे."

पलीकडच्या बाईंनी अभिनंदन वगैरे केलं. निशीनं ते सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला. पुढच्या मे महिन्यात सलग चार दिवस रजा मिळेल का. बाईंनी फार गोड आवाजात सांगितलं, की पहिल्या वर्षी सलग रजा देत नाहीत, पण दिवाळीला भेटवस्तू असते.

"मग राहू दे," निशी म्हणाली. आभार मानून तिनं फोन ठेवला आणि वही पुढे ओढली.

ताईला मी सगळं सांगितलं, पहिल्यांदाच काही न गाळता. मग तिनं विचारलं, "म्हणजे पुढच्या मे महिन्यापर्यंतच ना? एकदा ते उत्तर दिलं की झालं?"

मी हो म्हणालो. जवाब मिळाला की धोंडूबुवा त्याच बैठकीत पुढचा सवाल टाकतात, हे मी तिला सांगितलेलं नाही.